आयर्विनला किती, आपल्याला किती

जुलै लागला की आमच्या भागात माणसं एकमेकांना नुसतं "किती?" विचारतात. दूधवाला पिशवी अडकवता अडकवता विचारतो, समोरच्या वहिनी खिडकीतून विचारतात, ब्लाऊजचं माप द्यायला उभी राहिलेली बाई टेप अंगाभोवती असतानाच विचारते. सांगलीच्या आयर्विन पुलाखाली कृष्णा किती फुटांवर आहे, एवढंच त्यात असतं. पंचवीस सांगितलं की "बरं" म्हणून कटोरीचं बोलणं पुढं सुरू होतं. पस्तीस सांगितलं की बाई तिथंच थांबते. "मग काकू, हे कापड आत्ता टाकू का नको?"

मी गावभागात राहते, मारुती चौकाच्या मागच्या अंगाला. तळमजल्यावर माझं पिको-फॉलचं आणि ब्लाऊज शिवायचं दुकान, वर घर. मिस्टर मार्केट यार्डात हळदीच्या अडत्याकडे दिवाणजी आहेत. दुकानात बसलं की गावातल्या बातम्या आपल्या पायानं येतात, मला कुठं जावं लागत नाही. आणि पावसाळ्यात बातमी एकच असते.

आयर्विन १९२९ सालचा. त्याच्यावरची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट, हे सांगलीतलं शाळकरी पोरही सांगेल. पण हे आकडे पुलाचे झाले. माझ्या दुकानाचा उंबरा आयर्विनच्या शेहेचाळीसला आहे. पुलाला शेहेचाळीस झालं की माझ्या पायपुसण्याला पाणी लागतं. कोपऱ्यावरच्या गिरणीचा आकडा चव्वेचाळीस, कारण तिथं रस्ता जरा बसकाय. पलीकडच्या बोळातल्या मावशींचा जवळपास एकोणपन्नास. त्यांचं जोतं जुन्या वाड्याचं, दगडी आणि उंच. त्या त्यावरून थोड्या तोऱ्यातही असतात, आणि असू देत.

हे आकडे कुठल्या कचेरीनं आम्हाला दिले नाहीत. आमच्या गल्लीत पोस्टातून रिटायर झालेले एक काका आहेत. २००५ च्या पुरापासून ते विजेच्या खांबावर तैलरंगानं खुणा करतात. पाणी खांबाला लागलं की रेडिओवर, टीव्हीवर किंवा आता मोबाईलवर आयर्विनचा आकडा बघायचा आणि खांबावर रेघ मारून शेजारी लिहायचा. मध्ये वीज मंडळाच्या माणसांनी खांबाला चंदेरी रंग दिला तेव्हा काका त्यांच्याशी भांडले होते. मग वहीतून बघून सगळ्या रेघा पुन्हा काढल्या. सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट, दत्तनगर, काकानगर इकडची कहाणी आणखी वेगळी. तिथं सखल भागातल्या घरांचा आकडा चाळिशीच्या आतच लागतो. पालिकेची रिक्षा भोंगा वाजवत "नदी इशारा पातळीकडे" म्हणत येते तेव्हा तिथल्या बायकांचा सिलिंडर आधीच पलंगावर चढलेला असतो.

आता या आकड्यात पुढं किती भर पडणार, हे ओळखणं ही खरी विद्या. नवीन माणूस बातमीत "कोयना धरणातून विसर्ग सुरू" वाचतो आणि घाबरतो. जुना माणूस आधी विचारतो, पायथ्यातून का वक्र दरवाज्यातून? धरणाच्या पायथ्याच्या वीजगृहातून सोडतात ते २१०० क्युसेक, म्हणजे सेकंदाला २१०० घनफूट. त्यानं आमच्याकडं घाटाची पायरीसुद्धा बुडत नाही. सहा वक्र दरवाजे किती फूट उचलले ते विचारायचं. त्यात धरण किती भरलंय तेही बघायचं, कारण १०५.२५ टीएमसीच्या (एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट) धरणात ऑगस्टच्या सुरुवातीलाच शंभर टीएमसी झाले असतील तर वरून येईल ते पाणी त्यांना सोडावंच लागणार. मग ते कऱ्हाडला प्रीतिसंगमात कृष्णेला मिळून आमच्यापर्यंत यायला साधारण दुसरा दिवस उजाडतो. वाटेत धरणाखालच्या भागात पाऊस असला तर तो वेगळा. हरिपूरला वारणा मिळते, म्हणजे वारणेवरच्या चांदोली धरणाचं काय चाललंय तेही बघायचं. आणि खाली नरसोबाच्या वाडीला पंचगंगा फुगलेली असली तर आमचं पाणी पुढं सरकतच नाही, जागच्या जागी चढत बसतं. कोल्हापूरच्या माहेरवाशिणी आमच्या गल्लीत दोघी-तिघी आहेत. त्यांचा माहेरचा फोन आला की राजाराम बंधाऱ्यावरची पंचगंगेची पातळी आम्हाला घरबसल्या कळते.

हे सगळं मी शिवण शिवता शिवता शिकले. सातवीनंतर भूगोलाचं पुस्तक हातात धरलेलं नाही.

गिरणीवाल्याचा मात्र याच्यावर विश्वास नाही. तो फक्त नदीचा रंग आणि घाटावरचा वास बघतो म्हणतो. पण त्याच्या गिरणीची दहा एचपीची मोटार खोलायला दोन माणसं लागतात, म्हणून तो कुणाच्याही आधी, एक्केचाळिसालाच ती खोलून वर नेतो. आमच्या गल्लीचा खरा भोंगा तोच. गिरणीची मोटार निघाली की बायका दळणाचे डबे परत न्यायला धावतात आणि तिथून थेट घरी जाऊन कपाटातलं खालचं सामान वरच्या खणात घालायला लागतात.

बाहेरच्यांना वाटतं पूर म्हणजे नदी रस्त्यानं वाहत येते. आमच्याकडं ती आधी गटारातून येते. पाऊस थांबलेला असतो, ऊन पडलेलं असतं, रस्ता कोरडा खडखडीत. आणि ड्रेनेजच्या चेंबरचं झाकण हळूच डुगडुगायला लागतं. मग बाजूनं काळं पाणी झिरपतं. न्हाणीघराच्या मोरीतून गुळगुळ आवाज येतो. नदीचं पाणी नाल्यातून उलटं चढतं ते असं. शेरीनाल्याचं नाव सांगलीबाहेर फारसं कुणाला माहीत नसेल, आम्हाला मात्र पाठ आहे. एरवी गावाची घाण तो नदीला देतो आणि पूर आला की नदी ती घाण त्याच वाटेनं आम्हाला परत करते. ते सांडपाणी धुळगावला शेतीसाठी न्यायची योजना झाली, तिच्या बातम्या मी लग्न होऊन आल्यापासून वाचते आहे. नाला अजून वाहतोच आहे.

त्यामुळं आमच्या भागातल्या बाईला विचाराल, तर पावसाळ्याआधी नालेसफाई झाली का नाही, ही तिच्या लेखी राज्याच्या अर्थसंकल्पाएवढी बातमी असते. मे महिन्यात जेसीबी आला की आम्ही दारात उभ्या राहून बघतो. काढलेला गाळ त्याच नाल्याच्या काठावर ठेवून तो निघून जातो, आणि पहिल्या वळवात तो गाळ परत आत. दर वर्षी कुणी तरी फोटो काढतं, दर वर्षी तो पेपरात येतो. २०२३ च्या ऑगस्टमध्ये महापालिकेची मुदत संपली आणि प्रशासक आले, तेव्हा तर भांडायलाही कुणी उरलं नव्हतं. आधी ७८ नगरसेवक होते, त्यातल्या निदान आपल्या वॉर्डातल्याच्या बायकोचे ब्लाऊज माझ्याकडं असायचे. त्या निमित्तानं दोन शब्द सुनवता यायचे.

२००५ च्या पुरात आयर्विनला पाणी चोपन्नाच्या जवळ गेलं होतं. दुकानात माझ्या डोक्याच्या वर दोन हात. तेव्हा कुणालाच अंदाज नव्हता, जे होतं ते तिथंच राहिलं. हरिपूरला तर जमिनीखालच्या पेवांमध्ये हळद साठवलेली असायची, वर्षानुवर्षं टिकायची तिथं. त्या पुरात पेवांत पाणी शिरलं आणि हळद गेली. मिस्टर तेव्हापासून त्या बाजूनं जाताना गप्प होतात. एरवी हळदीवर तासभर बोलणारा माणूस.

पूर ओसरल्यावर सगळ्या गल्लीनं एकच काम केलं. भिंतीवर पाण्याची जी रेघ उमटली होती, तिच्यावर हातभर जागा सोडून फळ्या मारल्या, लोखंडी अँगल ठोकले, पोटमाळे बांधले. आमचं छत उंच, म्हणून मीही सुताराकडून जाड फळी मारून घेतली. सुतार म्हणाला, "ताई, आता पन्नास वर्षं बघायला नको." नंतरची बरीच वर्षं ती फळी माझ्यासाठी बँकेच्या लॉकरसारखी होती. इंटरलॉकचं मशीन, मोटारी, दोऱ्यांचे बॉक्स, गिऱ्हाइकांच्या साड्या, पाऊस वाढला की सगळं फळीवर.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी सत्तावन्नाच्या पुढं गेलं.

म्हणजे २००५ पेक्षा साडेतीन फूट जास्त. सगळ्या गल्लीच्या सगळ्या फळ्या २००५ च्या मापानं मारलेल्या. आम्ही वरच्या मजल्यावरून जिन्याच्या पायऱ्या मोजत होतो. खाली फळीवरचं सामान तरंगून छताला लागल्याचा आवाज येत होता, मशीनचा लाकडी पाट असावा. तो धपधप आवाज मी दोन रात्री ऐकला. मग बोटीतून आम्हाला काढलं. त्याच दिवसांत ब्रह्मनाळला बोट उलटली होती, त्यामुळं बोटीत पाय ठेवताना सासूबाईंनी माझा हात इतका घट्ट धरला होता की बांगडी पिचली.

श्रावण होता. राखी त्या वर्षी पंधरा ऑगस्टलाच आली होती आणि पुढं गौरी-गणपती. म्हणजे माझा वर्षातला खरा धंद्याचा हंगाम. पूर आणि शिलाईचा सीझन एकाच महिन्यात येतात हे आमच्या धंद्याचं नशीबच. नऊवारी शिवायला आलेल्या, फॉल लावायला आलेल्या, काठ बदलायला आलेल्या साड्या. पाणी उतरल्यावर आम्ही त्या गाळातून काढल्या तेव्हा कुठली कुणाची हे बिल्ल्यावरूनही कळेना, शाई पुसून गेलेली. एका शालूचा लाल रंग शेजारच्या मोतिया रंगाच्या साडीत पूर्ण उतरला होता. मी एकेकीला फोन करून बोलावलं. बहुतेकींनी ओल्या साड्या उचलल्या आणि उलट मलाच विचारलं, "तुमचं मशीन वाचलं का?" एक बाई मात्र साडीची किंमत मागत राहिली. मी तिच्याकडून दोन वर्षं शिलाई घेतली नाही. तीही बरोबर होती, तिच्या आईची साडी होती ती.

सरकारनं शहरातल्या कुटुंबाला १५ हजार जाहीर केले आणि दुकानदाराला नुकसानीच्या ७५ टक्के, जास्तीत जास्त ५० हजार. पंचनाम्याला आलेल्या माणसानं मशीनचं बिल मागितलं. माझं पहिलं पायमशीन माहेरून आलेलं, दुसरं एका बंद पडलेल्या क्लासमधून घेतलेलं. मी म्हटलं, "बिल नाही, मशीन आहे, बघा." त्यानं गाळानं भरलेलं मशीन बघितलं, शटलमधून बोटानं माती काढून बघितली आणि काही तरी लिहिलं. माणूस वाईट नव्हता. चप्पल हातात घेऊन तो दिवसभर घरोघर फिरत होता. पण ज्यांच्याकडं शॉप ॲक्टचा कागद नव्हता त्यांचं काय झालं ते मला माहीत आहे. भडंग विकणारा, इस्त्रीवाला, चौकात गजरे करणारी आजी, यांच्या नुकसानीला कागदावर जागाच सापडत नव्हती.

२०२१ च्या जुलैत पुन्हा पंचावन्नाच्या आसपास. तोवर आम्ही शहाणे झालो होतो. फळीवर कुणी विसंबलं नाही, चाळीसलाच सगळं गच्चीवर नेलं आणि वरून ताडपत्री बांधली. त्यामुळं २०२१ ची माझी गोष्ट सांगण्यासारखी नाही, आणि तेच बरं. २०२४ ला पाणी चाळिशीला टेकून उतरलं. गिरणीवाला त्या वर्षी मोटार खोलायच्या बेतात होता, पान्हे काढून बसला होता.

दुकानात पुरुष माणसं थांबली की बोलणं अलमट्टीवर जातं, म्हणजे खाली कर्नाटकात कृष्णेवर असलेल्या धरणावर. बायकोची साडी न्यायला आलेला माणूस अर्धा तास अलमट्टी सांगतो. धरणाची पातळी ५१९.६० मीटर आहे, कर्नाटकाला ती ५२४.२५६ करायची आहे, मग आपलं काय होणार. मला ही काळजी खोटी वाटत नाही. २०२५ च्या मेमध्ये अंकली पुलावर त्यासाठी रास्ता रोको झाला, तेव्हा आमच्या गल्लीतूनही माणसं गेली होती. २०१९ च्या पुराचा अभ्यास करायला सरकारनं नेमलेल्या वडनेरे समितीनं २०२० च्या अहवालात अलमट्टीवर खापर फोडलं नव्हतं. ते मी दुकानात एकदा बोलले, तर एक गृहस्थ पिशवी न घेताच निघाले होते. इथं तो विषय असा आहे. मी काही जलतज्ज्ञ नाही, धरणाच्या दारावर माझा हात नाही आणि विजापूर जिल्ह्यात काय होतं ते मला दुकानातून दिसत नाही.

मला दिसतं ते आमच्या भागातलं. दोन पुरांच्या मधल्या वर्षांत नाल्याच्या काठावर मुरमाचे डंपर रिकामे झालेले मी बघितलेत. जिथं २०१९ ला पाणी पसरून उभं होतं तिथं भराव पडला, भरावावर जोतं आलं, जोत्यावर पार्किंगसहित तीन मजले आले. त्या भरावानं ढकललेलं पाणी कुठं तरी जाणारच ना? ते शेजारच्या घरात जातं. पोस्टातल्या काकांच्या वहीत हे दिसतं. त्यांच्या म्हणण्याप्रमाणं काही घरांचा आकडा आता फूटभरानं खाली आलाय. नदी तीच, पुलाचा आकडा तोच, पण पाणी आधी येतं. ज्यांनी भराव टाकला तेच चौकात उभं राहून अलमट्टीवर सगळ्यात मोठ्यानं बोलतात, हे मी अनेकदा बघितलंय. नकाशावर निळी रेषा आहे, लाल रेषा आहे. पंचवीस वर्षांत एकदा येणारा पूर निळ्या रेषेपर्यंत, शंभर वर्षांत एकदा येणारा लाल रेषेपर्यंत, असा हिशेब. आमच्या पिढीनं पंधरा-सोळा वर्षांत तीन महापूर बघितले. रेषा काढणाऱ्यांनी एकदा काकांची वही बघावी असं मला फार वाटतं. काकांनी ती कुणालाही द्यायची तयारी दाखवलीय, झेरॉक्सचे पैसेसुद्धा ते स्वतः देणार आहेत.

इतर बातम्या तशा नेहमीच्याच. घंटागाडी येते, पण अशा वेळी की नोकरीवाल्या बाईला सापडत नाही. कुत्री वाढलीत. घाटाच्या पलीकडं सांगलीवाडीच्या बाजूला मगर दिसल्याचं परवा कुणी तरी सांगत होतं, पण मगर दर वर्षीच दिसते, तिच्याबद्दल आता पोरंही पळत नाहीत. वरच्या मजल्याच्या खोल्यांना तळमजल्यापेक्षा जास्त भाडं आहे. दुसऱ्या गावात लोक गुडघे दुखतात म्हणून तळमजला मागतात, आमच्याकडं सत्तरीच्या सासूबाईसुद्धा वरचाच मजला धरून बसल्यात.

मागच्या महिन्यात मात्र एक गोष्ट झाली. एजंटाबरोबर एक जोडपं आमच्या गल्लीत घर बघायला आलं होतं. पुण्याकडचं असावं, मुलगी लहान, बदलीवर सांगलीत आलेले. एजंट त्यांना त्या नव्या इमारतीचा तळमजला दाखवत होता. बाई माझ्या दुकानात आली, फ्रॉकची शिवण उसवली होती म्हणून. मी टाका घालेपर्यंत तिनं सहज विचारलं, "काकू, इथं पूर येतो का हो?" बाहेरून एजंट लगेच म्हणाला, "२०१९ ला एकदा आला होता मॅडम, तो काय सगळ्या गावातच आला होता." हे काही खोटं नाही. मी तिला हाताला धरून खांबापाशी नेलं. सगळ्यात वरची रेघ दाखवली. तिनं मान वर केली, मग त्या फ्लॅटच्या खिडकीकडं बघितलं, मग पुन्हा रेघेकडं. खिडकीची वरची पट्टीही रेघेच्या खालीच होती.

"आणि त्याच्या खालची?"

"ती २०२१ ची. तिच्याखाली २००५."

तिनं नवऱ्याला हाक मारली. ते विश्रामबागेकडं घर बघतायत असं नंतर कळलं.

एजंट आता माझ्या दुकानावरून जाताना मोबाईल कानाला लावूनच जातो, पलीकडं कुणी नसलं तरी. त्याचं म्हणणं, मी गल्लीचा भाव पाडते. काही शेजाऱ्यांनाही तसं वाटतं. ज्यांना घर विकून मुलांकडं जायचंय त्यांना तर वाटणारच, आणि त्यांचा रागही मला कळतो. एकानं काकांना सुचवूनही बघितलं की खांबावरचे आकडे जरा बारीक अक्षरात लिहा. काकांनी रंगाचा नवा डबा आणलाय, लाल. एजंटाच्या बायकोनं मात्र काल तीन ब्लाऊज टाकले, गौरीच्या आधी हवेत म्हणाली. मी पावतीवर तारीख घातली आणि खाली नेहमीची ओळ लिहिली: आयर्विन ४० झाल्यास कपडे तयार असोत वा नसोत, घेऊन जाणे. तिनं वाचलं, पावती घडी करून पर्समध्ये ठेवली आणि जाता जाता हळूच विचारलं, "काकू, आमच्या घराचा आकडा किती हो? हे कधी सांगतच नाहीत."

"त्रेचाळीस," मी म्हटलं.

"मग माझे चाळिसाच्या आधीच द्या," ती म्हणाली.